एन्सेफलअ‍ॅप स्ट्रूप: सोलापूरच्या ओपीडीत अर्धं अ‍ॅप कामाचं

सिरॉसिसच्या, म्हणजे यकृत कडक होऊन निकामी होत चाललेल्या पेशंटचा मेंदू मंदावू लागला की पहिली कुणकुण घरच्यांना लागते. ‘हल्ली लई चिडतात’, ‘रात्रभर टक्क जागे आणि दुपारी घोरतात’, ‘भाजीवाल्याकडनं सुट्टे घेताना दोनदा चुकले’. पण ओपीडीत खुर्चीवर बसवून ‘आज वार कोणता? कुठून आलात?’ असं विचारलं तर गडी खडाखडा उत्तरं देतो. हात पुढे धरायला लावले तर पंजे फडफडतही नाहीत. केसपेपरवर ‘शुद्धीवर, भान ठीक’ अशी नोंद होते आणि पेशंट घरी जातो. या मधल्या अवस्थेला छुपी हिपॅटिक एन्सेफॅलोपथी, म्हणजे यकृतामुळे होणारा मेंदूचा बिघाड, म्हणतात. गप्पांतून ती सापडत नाही, मुद्दाम चाचणी लावावी लागते.

अशा चाचण्यांत सगळ्यांत सहज हाताशी येणारी चीज म्हणजे एन्सेफलअ‍ॅप स्ट्रूप हे फुकट मिळणारं अ‍ॅप. अमेरिकेतल्या व्हर्जिनिया कॉमनवेल्थ युनिव्हर्सिटीचे डॉ. जसमोहन बजाज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचा पहिला अभ्यास २०१३ साली मांडला. आयपॅडवर चालतं, अँड्रॉइडवरही चालतं. हे परीक्षण इंग्रजी आवृत्तीचं आहे आणि सोलापूर भागातला नेहमीचा पेशंट समोर ठेवून केलेलं आहे: घरात मराठी, तेलुगू, कन्नड किंवा उर्दू, शिक्षण चौथीपासून दहावीपर्यंत कुठेतरी थांबलेलं, आयुष्य यंत्रमागावर, विड्या वळण्यात किंवा शेतात गेलेलं.

अ‍ॅप नेमकं काय पकडतं ते आधी. आतड्यात तयार होणारा अमोनिया निकामी यकृत पुरेसा साफ करू शकत नाही. तो मेंदूत पोचतो. तिथल्या अ‍ॅस्ट्रोसाइट पेशी त्याचं ग्लुटामिन करतात आणि त्या ओझ्यानं फुगतात. यात आधी घसरतात त्या तीन गोष्टी: लक्ष टिकवणं, झटकन प्रतिसाद देणं आणि तोंडावर आलेलं चुकीचं उत्तर रोखणं. भाषा, गावाचं नाव, लेकरांची नावं, जुन्या आठवणी मात्र शाबूत राहतात. म्हणून तर पेशंट गप्पांत पास होतो आणि मोटारसायकलवर नापास. छुप्या अवस्थेतल्या माणसांच्या गाडी चालवण्यातल्या चुका जास्त असतात, पडझड जास्त होते आणि पुढे उघड बेशुद्धीचा झटका येण्याची शक्यताही वाढते. चालत्या मागापाशी तुटलेला धागा जोडणाऱ्याला हा धोका वेगळा समजावून सांगायची गरज नाही.

अ‍ॅपचे दोन भाग आहेत. पहिल्यात, म्हणजे ‘ऑफ’मध्ये, पडद्यावर लाल, हिरव्या किंवा निळ्या रंगातली हॅशची चिन्हं एकामागून एक येतात आणि जुळणाऱ्या रंगावर पटकन बोट टेकवायचं. दुसऱ्यात, म्हणजे ‘ऑन’मध्ये, चिन्हाऐवजी रंगाचं नाव येतं, पण ते भलत्याच रंगात लिहिलेलं असतं. ‘रेड’ हा शब्द निळ्या अक्षरांत आला तर निवडायचा निळा. शब्द वाचायचा मोह आवरून रंगाकडे बघणं, यातच सगळी मेख आहे. प्रत्येक भागाआधी दोन सरावाच्या फेऱ्या मिळतात. मग दहा-दहा चिन्हांच्या पाच फेऱ्या बिनचूक व्हाव्या लागतात. मध्येच एक बोट चुकीच्या रंगावर पडलं की ती फेरी बाद होते आणि नवी सुरू होते. शेवटी अ‍ॅप ऑफचा वेळ, ऑनचा वेळ, दोन्हींची बेरीज, दोन्हींतला फरक आणि पाच बिनचूक फेऱ्यांसाठी किती फेऱ्या लागल्या हे सगळं दाखवतं. शेवटचा आकडा बरेच जण टिपून घेत नाहीत. तो जरूर टिपा. संथ पण बिनचूक पेशंट आणि झपाझप चुकत जाणारा पेशंट, हे दोघं एकसारखे नसतात.

आता खरी अडचण. ज्याला इंग्रजी वाचता येत नाही, त्याच्यासाठी ‘रेड’ हा शब्द म्हणजे तीन अक्षरांची नक्षी. ती नक्षी त्याला कशातही अडकवत नाही, त्यामुळे रोखायचं काही उरतच नाही. समजा ऑफला १२० सेकंद लागले आणि ऑनला १२४. इंग्रजी सहज वाचणाऱ्याचे इतके जवळजवळचे आकडे आले असते तर ‘मन आवरण्याची ताकद उत्तम’ म्हणता आलं असतं. इथे त्याचा अर्थ एवढाच की पेशंटनं ऑफ भागच दोनदा दिला. बेरीजही त्यामुळे कमी येते आणि आजार असलेला माणूस ‘नॉर्मल’ ठरू शकतो. धोका गोंधळात पाडणारा आहे, कारण पडद्यावर कुठेही चूक दिसत नाही. आकडे स्वच्छ येतात, फायलीत लागतात.

उलट्या बाजूची चूकही तितकीच सहज होते. ज्यानं आयुष्यभर बटणाचा फोन वापरला, त्याचं बोट पडद्यावर जोरात दाबून राहतं, नाहीतर नखच टेकतं. सुक्या, घट्टे पडलेल्या बोटांना टचस्क्रीन नीट दाद देत नाही. इथे मेंदू ठीक असतो आणि सेकंद वाढतात. म्हणजे एकच अ‍ॅप एका कारणानं आजार लपवतं आणि दुसऱ्या कारणानं नसलेला आजार दाखवतं. दोन्ही चुका एकाच पेशंटमध्ये झाल्या तर बेरजेचा आकडा अगदी सभ्य दिसतो आणि त्याला काडीचा अर्थ नसतो.

म्हणून आमचा सरळ निवाडा: इंग्रजी न वाचणाऱ्यासाठी ऑन भाग सोडून द्या, ऑफ भाग ठेवा. ही पळवाट नव्हे. बजाज यांच्याच गटानं २०२३ मध्ये क्विकस्ट्रूप नावाची छोटी पद्धत मांडली. तिच्यात ऑफच्या पहिल्या दोन फेऱ्याच धरतात, मिनिटाच्या आत काम होतं आणि अचूकता पूर्ण चाचणीच्या जवळपास राहते. इंग्रजी शब्दांशी संबंधच नसलेला हा तुकडा आपल्याकडे जास्त प्रामाणिक आहे. ऑफ भागाला पाचपैकी चार गुण. ऑन भागाला इंग्रजी माध्यमातल्या पेशंटसाठी चार, बाकीच्यांसाठी शून्य.

चौथा गुण मिळवायचा तर मांडणी नीट हवी. टॅब एकच ठेवा आणि तोच दर वेळी वापरा. मागच्या खेपेला मोठा टॅब आणि या खेपेला मुलाचा मोबाइल, असं झालं तर तुलना गेली. ब्राइटनेस पूर्ण, फोन एअरप्लेन मोडवर. चाचणीच्या मध्येच बँकेचा मेसेज टपकला की ती फेरी वाया. जवळचा चष्मा लावायला सांगा, तो बहुतेक वेळा पिशवीत असतो. बोटं ओल्या फडक्यानं पुसून कोरडी करा. आधी पाच-सात मिनिटं टॅबवर नुसतं बोट टेकवायचा सराव द्या, अ‍ॅपच्या दोन फेऱ्यांचा सराव नवख्याला पुरत नाही. रंग ओळखता येतात का हे आधीच बघा: लाल, हिरव्या, निळ्या सुताचे दोन-दोन तुकडे टेबलावर टाकून जोड्या लावायला सांगायच्या. सोलापुरात सुताला तोटा नाही. पुरुषांत लाल-हिरव्याचा रंगांधळेपणा काही दुर्मिळ नाही, आणि तसा पेशंट या अ‍ॅपवर विनाकारण नापास होईल.

आणखी एक, नातेवाइकाला पेशंटच्या मागे उभं राहू देऊ नका. ‘अहो, हिरवा, हिरवा दाबा ना!’ ही कुजबूज तिसऱ्या चिन्हापर्यंत सुरू होतेच. त्याला बाहेर पाठवण्यापेक्षा शेजारच्या टेबलावर बसवून त्याचीच चाचणी घ्या. यात फायदाही आहे. अ‍ॅपच्या निर्मात्यांचे तक्ते अमेरिकेतल्या वय, लिंग आणि शिक्षणानुसार बेतलेले आहेत. सहावीतून माग धरलेल्या माणसाला ते लावणं म्हणजे दुसऱ्याच्या मापाचा सदरा. युरोपातल्या यकृततज्ज्ञांच्या संघटनेचं २०२२ चं मार्गदर्शनही हेच सांगतं की जिथले स्थानिक निकष हाती आहेत आणि जिची सवय आहे, तीच चाचणी वापरावी. सिव्हिलसारख्या ठिकाणी पेशंटबरोबर आलेला भाऊ, मेव्हणा, शेजारी हे त्याच वयाचे, त्याच शिक्षणाचे आणि त्याच भाषेचे असतात. यकृताचा आजार, दारू, फिट आणि डोक्याला मार असलेले वगळून त्यांचे आकडे वही घालून जमवले, वय आणि इयत्तेप्रमाणे रकाने पाडले, तर वर्षभरात आपला तक्ता उभा राहतो. तोवर पेशंटची तुलना त्याच्या स्वतःच्या आधीच्या आकड्याशी करा. पहिल्या दिवशी चाचणी दोनदा घेऊन दुसरा आकडा पायाभूत धरा, कारण सरावानं वेळ आपोआप कमी होतो आणि औषधाला फुकटचं श्रेय मिळतं.

टॅबच नसेल तर? मग घड्याळ, कागद आणि ६० सेकंद. प्राण्यांची नावं सांगण्याची चाचणी इटलीतल्या पदुआच्या गटानं २०१७ मध्ये सिरॉसिससाठी पक्की केली. मिनिटभरात जितकी आठवतील तितकी नावं. शिक्षण आणि वयाची दुरुस्ती केल्यावर त्यांच्या हिशेबात १५ च्या वर ठीक, १० ते १५ संशयास्पद, १० च्या खाली बिघाड. यंत्र नको, वाचता येणं नको, खर्च शून्य. आमच्या मते सोलापूरच्या ओपीडीत पहिली चाळणी हीच हवी, अ‍ॅप दुसऱ्या पायरीवर.

पण सूचना कशी देता यावर निकाल फिरतो. ‘जनावरांची नावं सांगा’ म्हटलं तर खेड्यातला माणूस गोठ्यातली गुरं मोजून थांबतो. काही ठिकाणी तर ‘जनावर’ म्हणजे सापच. ‘प्राणी’ म्हटलं तरी चार पायांचेच धरले जातात. म्हणून वाक्य ठरवून, पाठ करून, प्रत्येकाला तेच म्हणा: ‘कुठलेही जिवंत प्राणी चालतील, घरातले, रानातले, पक्षी, मासे, किडे-मुंग्यासुद्धा. थांबा म्हणेपर्यंत सांगत राहा.’ भाषा पेशंटची. तेलुगू घरातला पेशंट मध्येच मराठीत शिरला तर शिरू द्या, पण तेलुगूतला कुक्का, कन्नडमधला नायी आणि मराठीतला कुत्रा मिळून एकच मोजा. गाय-बैल-वासरू वेगळे धरायचे की एक, हे एकदा ठरवून फॉर्मवर वरच लिहून ठेवा; परीक्षक बदलला की नियम बदलतो आणि आकडा दोन-तीननं हलतो.

कागदावर १५-१५ सेकंदांचे चार रकाने आखा. गाय, म्हैस, बैल, शेळी, कोंबडी, कुत्रा, मांजर ही दारातली मंडळी पहिल्या रकान्यात सगळ्यांचीच भराभर येतात. मग गोठा संपतो आणि माणसाला गोठ्यातून रानात उडी मारावी लागते: वाघ, हत्ती, माकड. तिथून पुन्हा झाडावर, पाण्यात. मंदावलेला मेंदू या उड्यांपाशी अडतो. ‘गाय... शेळी... गाय सांगितली ना मी?’ असं होतं, दुसरा-तिसरा रकाना रिकामा राहतो. एकूण आकडा काठावर असेल तेव्हा हे रिकामे रकाने बोलके ठरतात, पण त्यांना गुण देऊ नका. निकष एकूण आकड्याचाच आहे. निरक्षर माणसाचा आकडा तसाही कमी येतो, हे विसरून शिक्का मारू नका.

कागद-पेन्सिलची जुनी, मानाची पद्धत म्हणजे पीएचईएस (सायकोमेट्रिक हिपॅटिक एन्सेफॅलोपथी स्कोअर). जर्मनीत घडलेल्या या संचात पाच कामं आहेत: १ ते २५ आकडे क्रमानं जोडणं, आकडा-अक्षर आळीपाळीनं जोडणं, आकड्याखाली चिन्ह भरणं, वर्तुळांत टिंबं देणं आणि दोन रेषांच्या मधून रेघ ओढणं. गुण उणे १८ ते अधिक ६ आणि साधारण उणे ४ च्या खाली गेलं तर बिघाड. पूर्ण संच घ्यायला, समजावणं धरून, पंधरा-वीस मिनिटं. गर्दीच्या ओपीडीत हे जमणं अवघड, आणि आपल्याकडे आणखी दोन ठिकाणी गाडी अडते. मराठी शाळेत शिकलेल्या काही वयस्करांना १, २, ३ येतात पण इंग्रजी आकडे (1, 2, 3) अडखळत येतात. दुसऱ्या कामात तर इंग्रजी मुळाक्षरं लागतात. ए-बी-सीच्या जागी क-ख-ग घालून झेरॉक्स काढली की काम झालं असं वाटतं, पण मग मूळ तक्ता त्या कागदाला लागू होत नाही. निरक्षरांसाठी लखनौच्या संजय गांधी पीजीआयमधल्या डॉ. राधाकृष्ण धिमान यांच्या गटानं १९९५ मध्येच आकड्यांऐवजी चित्रं जोडण्याची चाचणी मांडली होती. इथे तीच विचारात घ्यावी. आकडे जोडताना पेशंट चुकला तर लगेच बोट ठेवून दाखवायचं आणि तिथूनच पुढे न्यायचं. घड्याळ थांबवायचं नाही. घड्याळ थांबवणं ही नवख्या परीक्षकाची ठरलेली चूक.

रक्तातला अमोनिया ही सोलापुरात सर्वांत जास्त लिहून दिली जाणारी आणि या कामासाठी सर्वांत कमी उपयोगाची तपासणी. नमुना घेतल्यावरही नळीत अमोनिया वाढत राहतो. दंडाला पट्टी आवळून, मूठ मिटायला लावून रक्त काढलं तरी वाढतो. नमुना लगेच बर्फात ठेवून पंधरा मिनिटं ते अर्ध्या तासात प्रक्रियेला जायला हवा. एप्रिल-मेमध्ये चाळिशीपार उन्हात कलेक्शन सेंटरवरून दुचाकीच्या डिकीतून नळी निघाली तर आकडा पेशंटचा नव्हे, उन्हाचा. आणि आकडा बरोबर असला तरी एकट्या वाढलेल्या अमोनियावरून छुप्या एन्सेफॅलोपथीचं निदान होत नाही. लुकलुकणाऱ्या लाल प्रकाशाची फ्लिकर चाचणी, जिथे ३९ हर्ट्झच्या खाली बिघाड धरतात, ती भाषेच्या भानगडीतून मोकळी आहे. पण त्यासाठी वेगळं यंत्र लागतं. ईईजीमधले, म्हणजे मेंदूतल्या विद्युत लहरींच्या आलेखातले बदल इतर कारणांनीही दिसतात.

चाचणी कोणतीही असो, चुकीच्या दिवशी घेऊ नका. रक्तातलं सोडियम १३० च्या खाली असेल, ताप किंवा पोटात साठलेल्या पाण्याचा संसर्ग असेल, नुकतंच ते पाणी मोठ्या प्रमाणात काढलं असेल, झोपेची किंवा चिंतेची गोळी चालू असेल, साखर उतरली असेल, आदल्या रात्री दारू झाली असेल तर आधी ते बघा. डोक्याला मार लागलेला दारू पिणारा पेशंट अचानक मंदावला तर अ‍ॅप बाजूला ठेवून सीटी स्कॅन. चाचणीआधी ‘काल झोप किती?’ हा प्रश्न कागदावरच छापून ठेवावा.

निकाल बिघडलेला आला, दुसऱ्या चाचणीनंही तेच सांगितलं आणि वरची कारणं नाहीत, तर लॅक्टुलोज या शौच मऊ करणाऱ्या पातळ औषधाचा विचार होतो. पीजीआय चंदीगडच्या २००७ च्या अभ्यासात तीन महिन्यांच्या लॅक्टुलोजनं अशा पेशंटची बुद्धीची कामं आणि रोजचं जगणं दोन्ही सुधारलं होतं. साधारण १५ ते ३० मिली दिवसातून दोनदा सुरू करून दिवसाला दोन-तीन मऊ शौच होतील असं बेतायचं. नेमका डोस डॉक्टरांनीच ठरवायचा. इथे दोन बाजूंनी चुकतं. ‘एसटीनं गावाला जायचंय, वाटेत कुठं जाणार’ म्हणून दोन दिवस बाटली घरी राहते. किंवा शौच झालं नाही म्हणून एकदम जास्त घेतलं जातं, पाण्यासारखे पाच-सहा जुलाब होतात, अंगातलं पाणी आणि क्षार जातात आणि मेंदू उलट आणखी बिघडतो. पुन्हा चाचणी घेताना ‘काल किती वेळा?’ हा आकडा सेकंदांच्या शेजारीच लिहा. त्याशिवाय सुधारलेले सेकंद वाचता येत नाहीत.

डाळ-दही बंद करायचा जुना सल्ला मात्र विसरा. किलोमागे १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिनं लागतात, म्हणजे ६० किलोच्या माणसाला ७२ ते ९० ग्रॅम. अमोनिया साफ करण्यात स्नायूही हात लावतात. उपाशी ठेवून स्नायू झडवले तर तीही वाट बंद. संध्याकाळी सातला जेवून सकाळी नऊपर्यंत पोट रिकामं ठेवू नये, झोपताना दूध-भाकरी किंवा तत्सम काही पोटात जावं. शेंगा चटणी चालते, पण पोटात पाणी असेल तर बाजारची खारट नको, घरी बिनमिठाची कुटा.

अ‍ॅप वापरणार असाल तर केसपेपरवर एवढी ओळ पुरते: तारीख, वेळ, कोणता टॅब, चष्मा होता की नाही, ऑफचे सेकंद, किती फेऱ्या लागल्या, प्राण्यांचा आकडा, चाचणीची भाषा, शिक्षण कितवी, काल शौच किती वेळा, सोडियम. तीन महिन्यांनी दुसरा डॉक्टर बसलेला असला तरी या ओळीवरून त्याला काम पुढे नेता येतं.